लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भोपाळला मामांकडे गेले होते. मामा बाग सेवनियात राहतात. त्यांच्याकडे जुन्या घडणीची एक मोटार आहे आणि घरातल्या माणसांपेक्षा तिचीच बडदास्त जास्त राखली जाते, अशी मामीची कायमची तक्रार आहे. मी पोचले त्याच आठवड्यात ही मोटार रुसली. सकाळी किल्ली फिरवली की नुसती कुरकुर. एका दुकानदाराने बॅटरी गेली असे सांगितले, म्हणून मामांनी नवी बॅटरी आणली. चौथ्या दिवशी तीही थंड पडली. दुकानदार आता म्हणू लागला की ऑल्टरनेटरच बदला. तो खर्च ऐकून मामांचा चेहरा उतरला. शेवटी धक्का मारून मोटार सुरू केली आणि आम्ही ती वस्तीतल्याच एका वयस्क मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी आधी काहीच उघडले नाही. पट्टा बोटाने दाबून पाहिला, बॅटरीची टोके हलवून पाहिली, मग मीटर लावला. इंजिन चालू असताना काटा चौदा व्होल्टच्या आसपास हवा, तो बाराच्याही खाली होता. म्हणजे मोटार बॅटरीवरच चालली होती, बॅटरीत परत काही येत नव्हते. मग त्यांनी इंजिन बंद करून नुसती किल्ली फिरवून ठेवली आणि एक स्क्रू-ड्रायव्हर ऑल्टरनेटरच्या पाठीमागच्या बेअरिंगजवळ नेला. तो तिथे ओढला जायला हवा होता. तो ओढला गेला नाही. मिस्त्रींनी मान हलवली. आत लोहचुंबकच जागे होत नाही, तर वीज कुठून येणार, असे त्यांनी मला समजावले.

हे त्यांचे साधे बोलणे मला त्या रात्री झोपू देईना. कारण ते मी आधी कुठेतरी वाचले होते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मायकेल फॅरडे हे नाव होते, एक आकृती होती आणि परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न येत असे. दोन गुण मिळवून मी वाणिज्य शाखेला गेले आणि फॅरडेला विसरले. तो आता बाग सेवनियातल्या एका टपरीवजा दुकानात स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकावर भेटला. सुट्टीत मी त्याचे चरित्र मिळवून वाचले. तेच इथे थोडक्यात सांगते.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स या भागात मायकेलचा जन्म झाला. वडील जेम्स लोहार होते. ते उत्तर इंग्लंडमधून कामाच्या शोधात लंडनला आलेले. प्रकृती नेहमी नाजूक, त्यामुळे ऐरणीवरचे काम रोज जमत नसे. १८०१ साली धान्य फार महाग झाले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला सात दिवस पुरवावा लागे. शाळेत लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब, एवढेच शिक्षण झाले. मुलाने पुढे काय व्हायचे, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नसेल. पोटाला मिळेल ते करायचे, हेच उत्तर ठरलेले होते.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. घरोघर वर्तमानपत्रे पोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे काम. वर्षभरात मालकाने त्याची चिकाटी पाहिली आणि १८०५ साली त्याला पुस्तकबांधणीच्या उमेदवारीवर ठेवून घेतले. उमेदवारी सात वर्षांची होती. दिवसा पुस्तके शिवायची, सरस लावायचा, पुठ्ठे कापायचे. रात्री तीच पुस्तके वाचायची. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा एक खंड बांधायला आला, त्यात विजेवरचा लेख होता. जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक हाती पडले. ते स्त्रियांना आणि नवशिक्यांना समजावे म्हणून लिहिलेले होते. या एका बाईच्या पुस्तकाचे ऋण फॅरडेने पुढे मोठेपणीही मोकळेपणाने मान्य केले. वाचलेले खरे आहे की नाही, हे तो स्वतः करून पाही. खिशात पैसे नसत, म्हणून बाटल्या, तारा आणि भंगार जमवून त्याने घर्षणविजेचे लहानसे यंत्र केले.

टेटम नावाच्या गृहस्थांच्या घरी संध्याकाळी विज्ञानाची व्याख्याने होत. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग. थोरला भाऊ रॉबर्ट वडिलांसारखाच लोहारकाम करी. त्याने आपल्या कमाईतून हे शिलिंग दिले. जगाच्या इतिहासात फॅरडेचे नाव आहे, रॉबर्टचे फारसे नाही. पण ऐरणीवर घाम गाळून मिळवलेले ते शिलिंग नसते, तर पुढचे काय झाले असते कोण जाणे!

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हंफ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हा त्या काळचा सर्वांत गाजलेला रसायनशास्त्रज्ञ. फॅरडे वरच्या सज्जात बसून टिपणे घेत राहिला. घरी येऊन ती स्वच्छ लिहिली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातांनी तो सुमारे तीनशे पानांचा ग्रंथ बांधला आणि काही काम मिळेल का, अशा विनंतीसह डेव्हीकडे पाठवून दिला. डेव्हीने भेट दिली, कौतुक केले, पण बांधणीचाच धंदा सोडू नये असा सल्ला दिला. विज्ञानात पैसा नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. पुढे प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाला भांडणापायी काढून टाकण्यात आले आणि जागा मोकळी झाली. १ मार्च १८१३ रोजी फॅरडे तिथे रुजू झाला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि इमारतीच्या माथ्यावर राहायला दोन खोल्या. काम बाटल्या धुण्याचे, भट्टी पेटवण्याचे आणि व्याख्यानाच्या वेळी उपकरणे मांडण्याचे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डेव्ही सपत्नीक युरोपच्या प्रवासाला निघाला. इंग्लंड आणि फ्रान्सचे युद्ध चालू असतानाही नेपोलियनने त्याला परवाना दिला होता. फॅरडे सहायक म्हणून बरोबर गेला. डेव्हीचा नोकर ऐनवेळी यायला तयार झाला नाही, तेव्हा नोकराची कामेही फॅरडेवर पडली. डेव्हीची पत्नी श्रीमंत आणि मानी होती. ती त्याला नोकरासारखेच वागवी आणि जेवायला नोकरांच्यात बसवी. अपमान सहन न होऊन परत फिरावे, असे त्याला अनेकदा वाटले. पण त्याच प्रवासात त्याने पॅरिसमध्ये नव्या सापडलेल्या आयोडीनवर प्रयोग पाहिले, फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळलेला पाहिला आणि मिलानला वृद्ध व्होल्टाची भेट घेतली. ज्याच्या नावाने आज मिस्त्रींचा मीटर व्होल्ट मोजतो, तोच हा व्होल्टा. १८१५ च्या एप्रिलात फॅरडे लंडनला परतला, तेव्हा त्याच्यापाशी पदवी नव्हती, पण कोणत्याही विद्यापीठाने दिले नसते असे शिक्षण होते.

१८२१ हे साल त्याच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे. जूनमध्ये सारा बार्नार्ड हिच्याशी विवाह झाला. दोघे सँडेमनियन या लहानशा, साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. मूल झाले नाही, पण सेहेचाळीस वर्षांचा संसार सुखाचा झाला. सप्टेंबरमध्ये त्याने पाऱ्याच्या भांड्यात लोहचुंबक उभा केला, वरून एक तार लोंबती सोडली आणि तारेतून वीज सोडताच ती चुंबकाभोवती फिरू लागली. आजच्या प्रत्येक विजेच्या मोटरीचे हे मूळ. पण या यशातून कटुता आली. वोलास्टन नावाच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचा विचार न सांगता वापरला, असा आरोप त्याच्यावर झाला. १८२३ साली रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्याचे नाव आले, तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हीनेच विरोध केला. तरीही फॅरडे निवडून आला. गुरूविषयी जाहीरपणे वाईट बोलणे मात्र त्याने कधी केले नाही. हे सोपे नसते.

आता मुख्य गोष्ट. विजेपासून चुंबकत्व निर्माण होते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० साली दाखवले होते. मग चुंबकापासून वीज का होऊ नये? हा प्रश्न फॅरडेला छळत होता. दहा वर्षांत त्याने अनेकदा प्रयत्न केले आणि दर वेळी हात हलवत परतला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने मऊ लोखंडाचे सहा इंच व्यासाचे एक कडे घेतले. एका बाजूला तांब्याच्या तारेची वेटोळी, दुसऱ्या बाजूला वेगळी वेटोळी, मध्ये कापड आणि सुतळीचे आवरण. त्या काळी आवरण घातलेली तार बाजारात मिळत नसे, ती अशी हातानेच तयार करावी लागे. एका बाजूच्या वेटोळ्यांना बॅटरी जोडताच दुसरीकडची चुंबकसूची हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी तोडताच पुन्हा हलली, उलट दिशेला. बॅटरी जोडलेली असताना मात्र सूची स्वस्थ.

इतरांना इथेच चकवा बसला होता. ते सगळे स्थिर चुंबकातून स्थिर वीज शोधत होते. फॅरडेच्या ध्यानात आले की बदल होतो, त्याच क्षणी वीज मिळते. १७ ऑक्टोबरला त्याने पोकळ वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर केला आणि वीज मिळाली. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवली आणि सतत वाहणारी वीज मिळाली. २४ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीपुढे हा निबंध वाचला गेला. दहा वर्षांची वाट आणि दोन-तीन महिन्यांचे काम!

मोटारीतला ऑल्टरनेटर म्हणजे हीच गोष्ट पत्र्याच्या आवरणात. मधला रोटर हा विजेने जागा होणारा चुंबक. इंजिन त्याला पट्ट्याने फिरवते. त्याच्या भोवती स्टेटरची वेटोळी स्थिर बसलेली. चुंबक फिरला की वेटोळ्यांपुढून त्याची उत्तर आणि दक्षिण टोके आलटून-पालटून जातात, म्हणून वीजही उलटसुलट वाहते. बॅटरीला एकाच दिशेची वीज लागते, ते काम डायोड करतात. इंजिन जोरात फिरले तर व्होल्ट वाढत जाऊन बॅटरीतले पाणी उकळेल, म्हणून रेग्युलेटर रोटरला जाणारी वीज कमी-जास्त करतो. चुंबक दुबळा केला की वीज कमी, बळकट केला की जास्त.

वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून मला फॅरडेच्या चरित्रातले सर्वांत थक्क करणारे पान मात्र वेगळेच वाटले. तो कारखानदारांना आणि कचेऱ्यांना रासायनिक तपासण्या करून देई आणि १८३० साली या कामातून त्याला हजार पौंडांहून अधिक प्राप्ती झाली होती. संस्थेच्या पगाराच्या मानाने ही रक्कम कितीतरी मोठी. आणि १८३१ च्या शोधानंतर, मागणी वाढतीच असताना, त्याने हे काम जवळजवळ बंद केले. १८३२ साली ती प्राप्ती दीडशे पौंडांवर आली आणि पुढे नाहीशीच झाली. दिवसाचे तास मोजके, ते तपासणीला द्यायचे की संशोधनाला, एवढाच हिशेब त्याने मांडला. त्याचा सहकारी टिंडल याने नंतर अंदाज केला की फॅरडेने आयुष्यात दीड लाख पौंडांवर पाणी सोडले. आपल्या शोधांचे पेटंटही त्याने घेतले नाही. नफा-तोट्याच्या पत्रकात हा व्यवहार कुठल्या रकान्यात लिहायचा, हे मला अजून उमगलेले नाही.

१८३३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. विजेने पदार्थांचे विघटन होते, त्याचे नियम त्याने १८३३-३४ मध्ये मांडले. १८४५ साली चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो, हे दाखवून दिले. गणित मात्र त्याला येत नव्हते. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस टाकला की जी रांगोळी उमटते, तिच्यातून त्याने बलरेषांची कल्पना बांधली. गणिती लोक हसले. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने याच रेषा गणितात बसवल्या आणि हसणारे गप्प झाले.

मुलांसाठी नाताळात होणारी व्याख्याने त्याने नावारूपाला आणली. एका मेणबत्तीवर त्याने सहा व्याख्याने दिली, ती अजूनही वाचली जातात. सरदारकी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. साधा मायकेल फॅरडे म्हणूनच मरायचे, हा त्याचा निश्चय होता.

पण सुखाचे सगळेच मिळत नाही. १८३९ च्या सुमारास त्याची प्रकृती ढासळली. चक्कर येई, डोके दुखे आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. ज्याने तरुणपणी व्याख्याने बारकाईने टिपली, त्याला कालचा प्रयोग आठवेना. काही वर्षे काम जवळजवळ थांबले. त्यावर उपाय म्हणून त्याने प्रत्येक प्रयोगाची, फसलेल्या प्रयोगाचीसुद्धा, क्रमांक घालून नोंद ठेवण्याची जुनी सवय अधिकच कसोशीने पाळली. या नोंदवहीतले क्रमांक सोळा हजारांवर गेले.

उतारवयातला एक प्रसंग मला फार आवडतो. दीपगृहांचा सल्लागार म्हणून तो अनेक वर्षे काम करत होता. १८५८ च्या अखेरीस डोव्हरजवळच्या साउथ फोरलँड दीपगृहात वाफेच्या इंजिनाने चुंबकयंत्र फिरवून विजेचा दिवा लावण्यात आला. १८६० च्या फेब्रुवारीत त्याची पाहणी करायला फॅरडे निघाला. बर्फाने रस्ते बंद झालेले. अडुसष्ट वर्षांचा हा म्हातारा कुंपणे आणि भिंती ओलांडत, शेतांतून वाट काढत दीपगृहावर पोचला. सूचीच्या ज्या थरथरीसाठी त्याने दहा वर्षे घालवली होती, ती आता समुद्रातल्या जहाजांना वाट दाखवत होती.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टजवळच्या राणीने दिलेल्या घरात, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याचे प्राण गेले. वेस्टमिन्स्टर ॲबीत नव्हे, हायगेटच्या साध्या दफनभूमीत तो विसावला. त्याच वर्षाच्या आरंभी जर्मनीच्या सीमेन्सने, यंत्राने स्वतःच्याच विजेने स्वतःचा चुंबक जागा करावा, ही युक्ती जगापुढे मांडली होती. त्यातून मोठमोठी यंत्रे आली. १९०२ साली म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रला कावेरीच्या पाण्यावर वीज झाली, १९१५ साली आपल्या खोपोलीला झाली. आणि फॅरडेच्या कड्यानंतर बरोबर सव्वाशे वर्षांनी, १९५६ साली, भोपाळात वीजयंत्रांचा सरकारी कारखाना उभा राहू लागला. त्या कारखान्यापायी देशभरची माणसे भोपाळात आली. मामांचे वडीलही त्यांतलेच एक.

पैशांकडे पाठ फिरवणाऱ्या या माणसाची तसबीर १९९१ पासून दहा वर्षे इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर होती. नशिबाची ही थट्टाच म्हणायची.

मामांच्या मोटारीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी बॅटरी चार्जिंगला लावली आणि रेग्युलेटर बाजूला ठेवून रोटरच्या टोकाला क्षणभर थेट वीज दिली. तरीही स्क्रू-ड्रायव्हर ओढला गेला नाही. म्हणजे रेग्युलेटर निर्दोष होता आणि दोष आतच होता. ऑल्टरनेटर खोलला, तर दोनपैकी एक कार्बन ब्रश झिजून नखाएवढा उरला होता. तो फिरत्या कड्याला टेकतच नव्हता, म्हणून वीज रोटरपर्यंत पोचत नव्हती. रोटरची तार मीटरने तपासली, ती शाबूत होती. कडी बारीक पॉलिश कागदाने पुसली, नवे ब्रश बसवले. किल्ली फिरवताच स्क्रू-ड्रायव्हर टक् करून चिकटला. इंजिन सुरू केले, काटा चौदावर गेला. सगळे दिवे लावले तरी साडेतेराच्या वरच राहिला. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधी काढू नका, नाहीतर डायोड जळतील, एवढी ताकीद देऊन त्यांनी ब्रशांचे आणि मजुरीचे पैसे घेतले. नव्या ऑल्टरनेटरच्या किमतीपुढे ती रक्कम काहीच नव्हती.

मिस्त्रींना फॅरडेचे नाव ठाऊक नव्हते. सातवीनंतर शाळा सुटली आणि दुसऱ्याच्या दुकानात हत्यारे पुसत, पाहत पाहत ते शिकले, असे त्यांनी सांगितले. मी त्यांना पुस्तकबांधणी करणाऱ्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. ते हातातला जुना ब्रश उलटसुलट करत ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली : शिलिंग देणाऱ्या त्या थोरल्या भावाचे पुढे काय झाले? मला सांगता आले नाही. दोन गुणांच्या उत्तरात तो नव्हता आणि मीही त्याचा शोध घेतला नव्हता.